ओढ्याची मार्कशीट

मासा म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये लगेच दोन पक्ष पडतात. मालवण-रत्नागिरीकडची मंडळी मेसच्या दाराशी आधीच येऊन उभी राहतात आणि घाटावरची मंडळी ‘काटे कोण काढत बसणार’ म्हणत पनीरकडे वळतात. पण मित्रांनो, या लेखातला मासा ताटात येणार नाही. तो इथे परीक्षक म्हणून येणार आहे. परीक्षेला बसणार आहे तो ओढा, आणि मार्क देणार आहेत त्यात राहणारे मासे!

तुम्ही म्हणाल, पाण्याची परीक्षा घ्यायला आपली लॅब आहे की. बरोबर आहे. सिव्हिलच्या प्रत्येकाने ती ३०० मिलिलिटरची बीओडीची बाटली हाताळलेली आहे. पूर्वी २० अंशावर ५ दिवस ठेवायची पद्धत होती, आपल्याकडच्या हवामानाला धरून आता २७ अंशावर ३ दिवस ठेवतात. बीओडी, विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ, पीएच, गढूळपणा असे आकडे आले की रिपोर्ट तयार. आकडे मर्यादेत असले की आपण ‘ओके’ लिहून मोकळे होतो. पण मग असा ओढा दिसतो की ज्याचा रिपोर्ट ‘ओके’ आहे आणि मासा मात्र औषधालाही नाही. आता काय म्हणायचं? रिपोर्ट खोटा की ओढा खोटा?

दोन्ही खरे असू शकतात. ते कसं, तेच या लेखात सांगायचं आहे.

बाटलीला काय दिसत नाही

समजा आपण मंगळवारी सकाळी ११ वाजता ओढ्यावर गेलो आणि सॅम्पल घेतलं. त्या बाटलीत मंगळवार सकाळचे ११ वाजलेलेच आहेत. रात्री २ वाजता कुणी टँकर रिकामा केला असेल तर ते पाणी सकाळपर्यंत कुठल्या कुठे निघून गेलेलं असतं. बाटलीला त्याचा पत्ता नसतो. मासा मात्र रात्री २ वाजताही तिथेच असतो. त्याला हॉस्टेल सोडून घरी जाता येत नाही!

दुसरी गोष्ट डीओची. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे ओढ्यात शेवाळ माजतं. दिवसा ऊन असताना शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात भरपूर ऑक्सिजन सोडतं. ३० अंशाच्या पाण्यात साधारण ७.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. दुपारी कधी कधी त्याहूनही जास्त आकडा येतो आणि आपण खूश होतो. पण रात्री सूर्य नाही. तेच शेवाळ आणि सगळे जीवजंतू फक्त श्वास घेतात आणि पहाटेपर्यंत डीओ धाडकन खाली येतो. मासे आणि जलचरांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ मिलिग्रॅम डीओ सांगितला आहे. पहाटे ५ वाजता तो आकडा २ वर आला, तर दुपारच्या ८ चा माशाला काय उपयोग? आणि पहाटे ५ ला सॅम्पल घ्यायला आपल्यापैकी कोण उठणार आहे, तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बाटलीत फक्त पाणी येतं, ओढा येत नाही. ओढ्याचे दगड, त्यावर साचलेला गाळ, काठावरच्या झाडांची सावली, वळणावरचे डोह, उथळ खळाळतं पाणी, खाली बांधलेला बंधारा यातलं काहीच बाटलीत मावत नाही. उद्या सगळा ओढा जेसीबीने सरळ करून सिमेंटचा केला आणि त्यात स्वच्छ पाणी सोडलं, तर बाटली म्हणेल ‘पास’. पण माशाला अंडी घालायला दगड नाही, उन्हाळ्यात लपायला डोह नाही आणि खायला किडे नाहीत.

कारसाहेबांची युक्ती

अमेरिकेत १९७२ मध्ये पाण्यासाठी मोठा कायदा झाला, क्लीन वॉटर अॅक्ट. पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक ‘इंटेग्रिटी’ परत आणायची आणि टिकवायची, असं त्याचं उद्दिष्ट ठरलं. (या ‘इंटेग्रिटी’ला मराठीत काय म्हणायचं यावर माझा आणि रूममेटचा अर्धा तास वाद झाला. ती म्हणते ‘अखंडता’. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, पण मला आमच्या आजीचा ‘धडधाकटपणा’ हा शब्दच जास्त पटतो.) रासायनिक बाजू मोजायला लॅब होत्या. जैविक धडधाकटपणा कसा मोजायचा, हे मात्र कुणाला नीट ठरवता येत नव्हतं.

जेम्स कार नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा इलिनॉय विद्यापीठात होते. इंडियाना राज्यातल्या ब्लॅक क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात शेतीची माती वाहून आल्याने काय होतं, याचा अभ्यास चालला होता, त्यात ते होते. १९८१ मध्ये त्यांनी ‘फिशरीज’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि माशांवरून ओढ्याला मार्क देण्याची पद्धत मांडली. तिचं नाव ‘इंडेक्स ऑफ बायोटिक इंटेग्रिटी’, लाडाचं नाव आयबीआय.

मासेच का? कारण मासा वर्षानुवर्षं त्याच पाण्यात जगतो, म्हणजे तो चालताबोलता रेकॉर्ड आहे. माशांत कुणी शेवाळ खातो, कुणी किडे खातो, कुणी दुसरे मासेच खातो, म्हणजे अन्नसाखळीच्या सगळ्या मजल्यांचे प्रतिनिधी आपोआप येतात. ओळखायला ते किड्यांपेक्षा सोपे असतात, मोजून लगेच परत सोडता येतात. आणि सामान्य माणसाला ‘बीओडी वाढला’ हे कळत नाही, पण ‘मासा गेला’ हे बरोब्बर कळतं.

बारा विषय, साठ मार्क

ही मार्कशीट आपल्या युनिव्हर्सिटीपेक्षा सोपी आहे. एकूण बारा विषय. प्रत्येक विषयाला ५, ३ किंवा १ मार्क. चांगल्या, न बिघडलेल्या ओढ्यासारखी स्थिती असेल तर ५, थोडी घसरली असेल तर ३, फार घसरली असेल तर १. म्हणजे जास्तीत जास्त ६०, आणि मासे सापडले तर कितीही नापास झालं तरी १२ मिळतातच! ५८ ते ६० म्हणजे उत्कृष्ट, ४८ ते ५२ चांगला, ४० ते ४४ बरा, २८ ते ३४ वाईट आणि १२ ते २२ फारच वाईट. मधले आकडे आले तर तज्ज्ञ माणूस बघून ठरवतो. मासाच नसेल तर मार्कशीटवर सरळ ‘मासे नाहीत’ एवढंच लिहितात.

विषयांचे तीन गट आहेत.

पहिला गट, कोण कोण राहतं? यात सहा विषय. मूळच्या, म्हणजे बाहेरून न आणलेल्या, जाती किती? डार्टर जातीचे मासे किती प्रकारचे? हे बोटभर मासे उथळ खळाळत्या पाण्यात दगडांच्या फटीत राहतात. फटी गाळाने भरल्या की पहिली विकेट त्यांची. सनफिश किती प्रकारचे? हे डोहात राहतात, म्हणून डोहाची तब्येत सांगतात. सकर किती प्रकारचे? हे बरीच वर्षं जगतात, त्यामुळे ते सापडले म्हणजे मागची कित्येक वर्षं पाणी बरं होतं असं समजायचं. प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या नाजूक जाती किती? आणि शेवटी ग्रीन सनफिश या कशातही तग धरणाऱ्या माशाचं प्रमाण किती? इथे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ५ मार्क, २० टक्क्यांच्या वर गेलं तर १.

दुसरा गट, कोण काय खातं? यात तीन विषय. मिळेल ते खाणारे, म्हणजे सर्वभक्षी, २० टक्क्यांहून कमी तर ५ मार्क, ४५ टक्क्यांहून जास्त तर १. किडे खाणारे छोटे मासे ४५ टक्क्यांहून जास्त तर ५, २० टक्क्यांहून कमी तर १. दुसरे मासे खाणारे शिकारी ५ टक्क्यांहून जास्त तर ५, १ टक्क्याहून कमी तर १. यामागचं लॉजिक साधं आहे. पाणी बिघडलं की आधी किडे कमी होतात, मग किडे खाणारे उपाशी राहतात, आणि ‘जे मिळेल ते चालेल’ वाल्यांचं राज्य येतं. (परीक्षेच्या काळात रात्री १२ नंतर हॉस्टेलमध्येही हेच होतं.)

तिसरा गट, तब्येत कशी आहे? एकूण मासे किती सापडले, संकरित मासे किती, आणि गाठी, जखमा किंवा कुजलेले पर असलेले रोगट मासे किती. रोगट मासे २ टक्क्यांपर्यंत तर ५, ५ टक्क्यांच्या वर तर १.

एक गणित सोडवू

समजा, एका ओढ्यात २०० मासे मिळाले. आसपासच्या चांगल्या ओढ्यांइतकीच ही संख्या आहे, म्हणून ५ मार्क. त्यातले सर्वभक्षी ११०, म्हणजे ५५ टक्के, १ मार्क. किडे खाणारे २४, म्हणजे १२ टक्के, १ मार्क. शिकारी ६, म्हणजे ३ टक्के, ३ मार्क. रोगट ७, म्हणजे ३.५ टक्के, ३ मार्क. संकरित एकही नाही, ५ मार्क. ग्रीन सनफिश ४२, म्हणजे २१ टक्के, १ मार्क. मूळच्या जातींना ३, सनफिशना ५, डार्टर, सकर आणि नाजूक जातींना प्रत्येकी १.

बेरीज करा. ३० येते. म्हणजे ‘वाईट’!

आता यातली गंमत बघा. जाळं तर गच्च भरलं होतं. काठावरून बघणारा म्हणाला असता, ‘काय मस्त मासे आहेत हो इथे!’ नुसती संख्या फसवते. कुणाची संख्या, हे विचारायला हवं. आणि मार्कशीट फक्त ‘वाईट’ म्हणून थांबत नाही, दुखणं कुठे आहे तेही सांगते. डार्टर गेले पण सनफिश आहेत, म्हणजे डोह शाबूत आहेत पण उथळ जागी गाळ बसला असावा. मग वरच्या बाजूला माती कुठून सुटते ते शोधायचं. एसटीपीवर आणखी पैसा घालून हा गाळ जाणार नाही.

‘चांगल्या ओढ्यासारखी स्थिती’ कशी ठरवतात, असं मेकॅनिकलवाले नक्की विचारतील. त्यासाठी त्याच भागातले सगळ्यात कमी बिघडलेले ओढे निवडतात. मोठ्या ओढ्यात जाती जास्त आणि छोट्यात कमी असणारच, म्हणून आडव्या अक्षावर ओढ्याचा आकार आणि उभ्या अक्षावर जातींची संख्या असा आलेख काढतात. बिंदूंच्या वरच्या कडेने रेघ मारतात आणि तिच्या खालच्या जागेचे तीन भाग करतात. वरचा भाग ५ चा, मधला ३ चा, खालचा १ चा. छोट्या ओढ्याची तुलना मोठ्या नदीशी होत नाही, अन्याय नाही.

मासे पकडायला जाळी वापरतात किंवा पाण्यात खास यंत्राने वीज सोडतात. मासा क्षणभर गुंगतो, त्याला उचलून ओळखायचं, मोजायचं आणि परत सोडायचं. हे काम प्रशिक्षित माणसांचं आहे, तेव्हा कुणी हॉस्टेलचा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन ओढ्याकडे निघू नये ही नम्र विनंती.

ओहायोने काय केलं

ही पद्धत कागदावर राहिली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने १९९० मध्ये माशांचे आणि पाण्यातल्या किड्यांचे असे मार्क थेट पाण्याच्या मानकांत घातले. त्याच सुमारास त्यांनी शेकडो ठिकाणचे रासायनिक आणि जैविक निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. जवळजवळ निम्म्या ठिकाणी रासायनिक तपासणीत काहीच दोष दिसला नव्हता, पण जीवसृष्टी मात्र बिघडलेली निघाली. निम्म्या! म्हणजे बाटलीवर विसंबलं असतं तर ती सगळी ठिकाणं ‘ओके’ राहिली असती.

याच राज्यात कायहोगा नदी आहे. १९६९ मध्ये तिच्यावरच्या तेलकट थराला आग लागली होती, ते ऐकून अमेरिका हादरली होती. पुढे सांडपाण्यावर खूप खर्च झाला, पाणी सुधारलं. तरी नदीच्या मधल्या भागात मासे पास होईनात. शोध घेतल्यावर लक्षात आलं की तिथे जुने बंधारे होते. त्यांच्यामागे पाणी तुंबायचं, ऑक्सिजन उतरायचा, आणि वाहत्या पाण्यातले मासे तिथे राहू शकत नव्हते. शेवटी केंट इथल्या बंधाऱ्याला २००४ मध्ये वळसा घालून नदी वाहती केली आणि २००५ मध्ये मन्रो फॉल्सचा बंधारा काढून टाकला. त्यानंतर तिथले जैविक निकष पूर्ण झाले. इथे औषध बदललं नाही, रोगाचं निदान बदललं, आणि ते निदान माशांनी केलं.

आपल्याकडे

भारतातही हे झालेलं आहे. इंदूरमधून वाहणारी खान नदी आणि उज्जैनची क्षिप्रा यांच्यावर गणासन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी आयबीआय वापरून केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे डार्टर नाहीत, सनफिश नाहीत, म्हणून निकष इथल्या माशांप्रमाणे बदलून घेतले. शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी घेणारी खान क्षिप्रेपेक्षा खाली उतरली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही पाण्यातल्या किड्या-गोगलगायींवरून नदीची प्रत ठरवण्याची पद्धत तयार केली आहे. म्हणजे ही परदेशी फॅशन आहे असं समजू नका.

पुण्याच्या मुळा-मुठेचं तर नशीब असं की तिची जुनी हजेरी शिल्लक आहे. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी छापली होती. २००३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या याद्या नव्या नोंदींशी ताडून पाहिल्या. मूळच्या बऱ्याच जाती गायब आणि बाहेरून आणलेल्या हजर. जुनी हजेरी नसती तर गैरहजर कोण हे कळलंच नसतं.

त्याहून जुनी गोष्ट मला फार आवडली. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास ‘दख्खन’च्या माशांवर लिहिलं आणि शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच वापरली. ‘गारा मुल्या’ म्हणजे आपला मळ्या. ‘मिस्टस सींगटी’ म्हणजे शिंगटी. ‘टोर खुदरी’ हा महसीर. जगभरचे शास्त्रज्ञ लॅटिन म्हणून जे नाव घेतात ते एखाद्या मराठी कोळ्याने सांगितलेलं आहे! आणि आपल्यातल्या किती जणांनी मळ्या पाहिला आहे?

मार्कशीटच्याही मर्यादा

एक प्रामाणिक इशारा. ही पद्धत उचलून जशीच्या तशी कुठेही चालत नाही. आपले डोंगराकडचे बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात, तिथे मे महिन्यात मासा नाही म्हणजे ओढा आजारी असं म्हणता येणार नाही. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याआधी अशी वेगवेगळी मोजणी हवी. मरळ हवेतूनही श्वास घेतो, तो सापडला म्हणजे पाणी स्वच्छ असं समजू नये. आणि बाटली फेकून द्यायची असाही अर्थ नाही. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, पेशंट कसा आहे हे पेशंटकडे बघून कळतं. दोन्ही लागतात.

आता आपला ओढा

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे हॉस्टेलच्या मागचा ओढा. तो सरळ करून दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा करायचा विचार चालू आहे असं कानावर आलं आहे. पावसाळ्यात पाणी मागच्या पार्किंगमध्ये येतं, त्यामुळे काहीतरी करायला हवं हे मलाही मान्य आहे. पण करण्याआधी तिथे काय आहे याची नोंद कुणाकडेच नाही.

मेसमधले मामा शेजारच्याच गावचे. त्यांना मी विचारलं तर म्हणाले, “ताई, आमच्या लहानपणी इथं मळ्या असायचा, दगडाला असा चिकटून बसायचा की ओढून काढावा लागायचा. वाम होती, शिंगटी होती. शिंगटीचा काटा लागला की हात दोन दिवस सुजायचा. आता नुसती चिलापी.”

बघा, मामांनी कुठलाही पेपर न वाचता आयबीआयच सांगितला. मळ्याच्या तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो दगड धरतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दगड गाळाखाली गेले की त्याचं घर आणि जेवण एकदमच जातं. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली, मिळेल ते खाणारी आणि कशातही टिकणारी. आपल्या ओढ्याची ग्रीन सनफिशच म्हणा ना. अर्थात आठवण म्हणजे मोजणी नव्हे. पण वर टेकडीकडे, वस्तीच्या आधी, हाच ओढा अजून दगडांवरून खळाळतो. तिथे मळ्या आहे का? असेल तर खालीही तो परत येऊ शकेल. खालचा भाग काँक्रीटचा झाला तर मात्र दगडच उरणार नाही, आणि मग त्याने परत यायचं कुठे?

म्हणून माझी विनंती अशी. काम सुरू होण्याआधी एक वर्ष तीन वेळा, वरच्या आणि खालच्या बाजूला माशांची मोजणी व्हावी. शेजारच्या सायन्स कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांना आणि मत्स्य विभागाला सोबत घ्यावं, परवानगी घ्यावी, मासे ओळखून परत सोडावेत. आपण सिव्हिलवाले प्रवाह, गाळ आणि काठ मोजू. पार्किंगमध्ये येणाऱ्या पाण्यासाठी काठ रुंद करणं, पुलाखालचा अडथळा काढणं असे दुसरे उपाय निघतात का तेही बघू. सगळं करूनही काँक्रीटच लागेल असं ठरलं, तर निदान काय घालवलं याची यादी आपल्या लायब्ररीत राहील.

ओढ्याचं काय करायचं हे मोठी माणसं ठरवतील. ते ठरवताना टेबलावर बीओडीच्या रिपोर्टशेजारी माशांची यादीही असावी, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्यांना मोजणीला यायचं आहे त्यांनी मेसच्या बोर्डावर लावलेल्या कागदावर नाव लिहावं. काटे काढता येत नसले तरी चालेल!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी